मुगाचं पीठ युरोपच्या अन्नकायद्यातून नेताना

फेब्रुवारी २०२५ पासून आमच्या मुगाच्या धिरड्याच्या पिठाची पाकिटं आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात विकली जातायत. कल्पना सुचली होती सप्टेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळातला थोडाच वेळ कृती बसवण्यात गेला, बाकी सगळा कायदा समजून घेण्यात. महाराष्ट्रातले ओळखीचे काही जण भगर, नाचणी, कुळीथ घेऊन युरोपात यायचं म्हणतायत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "लायसन कुठून काढायचं?" त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहून ठेवतेय. लायसनचा प्रश्न खूप पुढचा आहे. आधी विचारायचं ते हे, की कायद्याच्या नजरेत तुमचा पदार्थ नेमका काय आहे?

माझं माहेर लातूरचं, बाबांची छोटी डाळ मिल आहे. मी कॉर्कला फूड सायन्स शिकायला आले आणि नंतर इथल्याच एका दुधाच्या प्रथिनांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात लागले. रोज दुधातून प्रथिनं वेगळी होताना बघायची, त्यामुळे मुगाचंही असंच करावं हे डोक्यात येणं साहजिक होतं. मुगातून प्रथिन काढायचं आणि अंड्याऐवजी वापरता येईल असा पदार्थ करायचा, अशी मूळ कल्पना. नवरा हिशेबाची बाजू बघणार होता. यंत्राची चौकशी करण्याआधी मी कायदा वाचायला घेतला.

युरोपियन युनियनमध्ये 'नॉव्हेल फूड'चा कायदा आहे, क्रमांक २०१५/२२८३, लागू झाला १ जानेवारी २०१८ पासून. त्यातली कळीची तारीख १५ मे १९९७. त्या दिवसाआधी युनियनमध्ये एखादी गोष्ट लोक बऱ्यापैकी प्रमाणात खात नसतील आणि ती कायद्यातल्या ठरावीक वर्गांत बसत असेल, तर ती 'नवीन'. मग युनियनच्या मान्य पदार्थांच्या यादीत नाव आल्याशिवाय विकता येत नाही. आपल्याकडे ती किती पिढ्या खाल्ली जाते, हा मुद्दा इथे आपोआप धरला जात नाही. त्यासाठी वेगळी वाट आहे: युरोपबाहेरच्या एखाद्या देशात किमान २५ वर्षं नेहमीच्या आहारात असल्याचं दाखवता आलं, तर 'पारंपरिक अन्न' म्हणून सूचना देता येते. ती ग्राह्य धरून पुढे पाठवली गेली की सदस्य देशांना आणि एफ्साला, म्हणजे इटलीतल्या पार्मा इथल्या युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेला, सुरक्षिततेवरून हरकत घ्यायला चार महिने असतात. कुणी हरकत घेतली नाही तर लांबलचक मूल्यमापन टळतं. पश्चिम आफ्रिकेतलं फोनिओ धान्य याच वाटेनं २०१८ मध्ये आलं. धान्यं, कडधान्यं घेऊन येणाऱ्यांनी ही वाट आधी तपासावी.

आमच्या उपयोगाची ती नव्हती. अख्खा मूग युरोपात चालतो, त्याला काही अडचण नाही. पण मुगातून वेगळं काढलेलं प्रथिन आपल्याकडेही कुणी परंपरेनं खात नाही. युनियनच्या यादीत शोधलं तर ते चक्क सापडलं! एप्रिल २०२२ च्या २०२२/६७३ या नियमानं मुगाच्या प्रथिनाला परवानगी मिळालेली होती. अर्ज ईट जस्ट या अमेरिकन कंपनीचा. मला वाटलं, दार उघडंच आहे. पुढचं कलम वाचल्यावर कळलं की अर्जासोबत दिलेल्या त्यांच्या अभ्यासांना पाच वर्षांचं संरक्षण आहे, मे २०२७ पर्यंत. तोवर त्यांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाला विकायचं असेल, तर स्वतःचे सगळे अभ्यास करून स्वतंत्र परवानगी घ्यायची. यादी वाचताना पदार्थाच्या नावापाशी थांबू नका, शेजारच्या रकान्यात 'डेटा प्रोटेक्शन' लिहिलंय का ते बघा.

ऑक्टोबरमध्ये मी एफएसएआयला मेल केला. ही आयर्लंडची अन्नसुरक्षा संस्था, डब्लिनला आहे आणि साध्या चौकशीचे पैसे घेत नाही. दोनेक आठवड्यांत नीट मुद्देसूद उत्तर आलं. आपलं अन्न नवीन आहे की नाही हे ठरवायची पहिली जबाबदारी धंदा करणाऱ्याची, आणि शंका असेल तर ज्या देशात प्रथम विकणार त्या देशाच्या संस्थेकडे नॉव्हेल फूड कायद्याच्या कलम ४ खाली औपचारिक विचारणा करायची. कागद पूर्ण धरले गेले की चार महिन्यांत निष्कर्ष द्यावा असा नियम आहे आणि निष्कर्ष सगळ्यांना बघता येईल असा जाहीर होतो. त्यामुळे विचारणा करण्याआधी जुने निष्कर्ष चाळा, कुणीतरी तुमचाच प्रश्न आधी विचारलेला असू शकतो. युरोपियन कमिशनचा नॉव्हेल फूड कॅटलॉगही बघा. तो कायद्यानं बंधनकारक नाही, पण अधिकारी आधी तोच उघडतात.

स्वतंत्र अर्जाचा खर्चही काढून पाहिला. एफ्साकडे अर्ज करायला फी नाही, हे ऐकून बरं वाटतं. पैसा जातो तो अभ्यासांत: वेगवेगळ्या खेपांचं रासायनिक विश्लेषण, टिकाऊपणा, विषारीपणा, ॲलर्जी. शिवाय मार्च २०२१ पासून कोणताही अभ्यास सुरू करण्यापूर्वी एफ्साकडे नोंदवावा लागतो. योग्य कारणाशिवाय न नोंदवलेला अभ्यास जोडला तर अर्ज अडकतो. भारतातल्या प्रयोगशाळेत 'आधी करून तर बघू' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. एफ्साला मूल्यमापनाला नऊ महिने आणि नंतर कमिशनला मसुदा आणायला सात महिने असं वेळापत्रक आहे, पण एफ्सानं जादा माहिती मागितली की घड्याळ थांबतं. सल्लागाराकडून आलेला आकडा लाख युरोच्या वर होता. नवऱ्यानं तो कागदावर लिहिला आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रथिनाचा विचार बाजूला ठेवला. वाईट वाटलं. पण यंत्र घेतलेलं नव्हतं, नोकरी सोडलेली नव्हती.

दुसरी कल्पना होती मोड आलेल्या मुगाच्या पिठाची. इथे वेगळाच इतिहास आडवा आला. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची मोठी साथ आली, ५० हून अधिक माणसं दगावली आणि माग काढत काढत तपास मोड आलेल्या बियांपर्यंत पोचला. संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर होता. त्यानंतर २०१३ मध्ये युनियननं मोडांसाठी नियमांचा संच आणला: माग ठेवण्याचा वेगळा, जंतूंच्या मर्यादांचा वेगळा, मोड काढणाऱ्या जागेला मंजुरीचा वेगळा, आणि मोड काढण्यासाठी बाहेरून येणाऱ्या बियांना प्रमाणपत्राचा वेगळा. म्हणजे तोच मूग दळायला आणला तर एक कायदा, भिजवून मोड आणायला आणला तर दुसरा. जंतू मरतील अशी प्रक्रिया झालेल्या मोडांना यातून सूट आहे, आणि दळलेल्या पिठाचं काय हा प्रश्नही रास्त आहे. आमचं पीठ भाजलेलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण मोड काढण्याची पायरी आली की ओली, उबदार जागा आली, आणि भाड्याच्या सामायिक किचनमध्ये ती जबाबदारी घ्यायची माझी तयारी नव्हती. त्या साथीचे अहवाल वाचल्यावर हे नियम मला जाचक वाटले नाहीत.

मग उरलं साधं पीठ. मूगडाळ, तांदूळ, जिरं, हळद, हिंग, मीठ. पाणी घालून दहा मिनिटांनी धिरडी घालायची. आईची कृती.

मूग लातूरचाच घ्यायचा हे मनात पक्कं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबांनी आडतीवरच्या एका वक्कलातला, म्हणजे लॉटमधला, नमुना पाठवला. इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शेकडो कीटकनाशकांची एकत्र चाचणी होते, आम्हाला जवळजवळ दोनशे युरो पडले. अहवाल बाराव्या दिवशी आला. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक, ०.०३ मिलिग्रॅम प्रतिकिलो. २०२० मध्ये युरोपनं या औषधाची मान्यता संपवली आणि अन्नातली मर्यादा ०.०१ वर आणली. हा ०.०१ चा आकडा पाठ करून ठेवा: ज्या औषधाला त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्यालाही हाच लागतो.

बाबांना फोन केला. ते आधी चिडले. "पन्नास वर्षं हा मूग लोक खातायत, कुणाला काय झालं?" मी म्हटलं, "बाबा, कुणाला काय झालं हे ते विचारतच नाहीत. ०.०१ च्या वर आहे की खाली, एवढंच बघतात." थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आडतीवर दहा शेतकऱ्यांचा माल एक होतो गं. कुणी काय फवारलं मी कसं सांगू?" खरी अडचण त्यांनी बरोबर पकडली होती. युरोपच्या मूळ अन्नकायद्यात, १७८/२००२ मध्ये, कलम १८ आहे: माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला, हे प्रत्येकाला दाखवता आलं पाहिजे. कागदावर ते सोपं दिसतं. आडतीच्या ढिगाला ते लावायचं म्हणजे खरेदीची पद्धतच बदलायची. त्या उन्हाळ्यात बाबांनी ओळखीच्या चार शेतकऱ्यांशी बोलून त्यांचा मूग वेगळा ठेवायचं ठरवलं. फवारणीची वही घातली, पोती वेगळी शिवली.

तोवर काम थांबवता येणार नव्हतं म्हणून युरोपातल्या एका व्यापाऱ्याकडून मूगडाळ घेतली. पहिल्या खेपेच्या कागदांवर एक देश होता, दुसऱ्या खेपेच्या पोत्यांवर दुसराच, आणि आम्हाला कुणी काही कळवलं नव्हतं. आम्ही ती खेप परत केली. पोती आली की आत घेण्याआधी वक्कलाचा नंबर आणि देश कागदाशी ताडून बघा, फोटो काढून ठेवा.

लातूरहून शेंगदाणे किंवा तीळ आणायचा विचार असणाऱ्यांनी २०१९/१७९३ हा नियम जरूर बघावा. त्यात कोणत्या देशाच्या कोणत्या मालाची सीमेवर जादा तपासणी होते त्याच्या याद्या आहेत. भारताचे शेंगदाणे अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे, कढीपत्ता कीटकनाशकांमुळे आणि तीळ २०२० मध्ये त्यांत इथिलिन ऑक्साइड हे जंतुनाशक रसायन सापडल्यानंतर त्यात आले. याद्या वरचेवर बदलतात, म्हणून जुना पीडीएफ न वापरता चालू मजकूर उघडा.

लायसनचं काम आलं मे २०२४ मध्ये, आणि ते सगळ्यात सोपं निघालं. आमच्यासारख्या कोरड्या, शाकाहारी मालाला मंजुरी लागत नाही, नोंदणी पुरते. ती एचएसईच्या, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेच्या, पर्यावरण आरोग्य विभागाकडे, धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी, फुकट. तासावर भाड्यानं मिळणारं किचन घेतलं, ताशी वीस युरोच्या आसपास. उत्पादन दायित्वाचा विमा वर्षाला सहाशेच्या घरात. हे दोन खर्च कल्पनेत कुणी धरत नाही.

वेळ गेला हॅसॅपच्या (अन्नातले धोके ओळखून ते आटोक्यात ठेवायच्या पद्धतीच्या) फाइलमध्ये. कारखान्यात मी हे रोज करत होते, तरी स्वतःच्या नावानं लिहिताना हात जड झाला. तपासणीला आलेल्या बाई शांत होत्या, पण प्रश्न नेमके विचारत होत्या. कच्च्या पिठात बॅसिलस सिरियस हा विषबाधा करणारा जंतू असू शकतो, मग ग्राहकानं पीठ भिजवून रात्रभर बाहेर ठेवलं तर? आपण इडली-डोशाचं पीठ आंबवणारी माणसं, आपल्याला यात प्रश्नच दिसत नाही. पाकिटावर 'भिजवल्यावर लगेच वापरा, खाण्यापूर्वी पूर्ण शिजवा' हे वाक्य त्यांच्यामुळे आलं. जिऱ्याची पूड बघून त्यांनी ती कुठून घेतली विचारलं. २०१४-१५ मध्ये जिऱ्याच्या पुडीत शेंगदाण्याचे अंश सापडून अमेरिकेत भरपूर माल परत बोलवावा लागला होता. आम्ही तेव्हापासून अख्खं जिरं घेतो आणि स्वतः दळतो. हळदीसाठी शिशाची चाचणी करून घेतली, कंदमुळांच्या मसाल्यांना मर्यादा दीड मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे.

हिंगानं सगळ्यात जास्त काळजी लावली. आपण वापरतो तो बहुतेक हिंग बांधानी, म्हणजे पिठात बांधलेला, असतो आणि त्यात गव्हाचं पीठ असतं. घरात कुणी डबीवरचा बारीक मजकूर वाचत नाही. युरोपच्या लेबलाच्या कायद्यात, ११६९/२०११ मध्ये, १४ ॲलर्जीकारक पदार्थ आहेत आणि ते चिमूटभर असले तरी घटकांच्या यादीत उठून दिसतील असे यावेच लागतात. गहू त्यात आहे, तीळ आहे आणि मोहरीसुद्धा आहे, तेव्हा फोडणी घातलेला कोणताही पदार्थ विकणाऱ्यानं सावध राहावं. मूग त्या यादीत नाही. कडधान्यांपैकी शेंगदाणा, सोयाबीन आणि ल्युपिन एवढेच आहेत. ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, चालत नाही. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधला, त्याची आणि तयार पिठाची चाचणी केली. साठ-सत्तर युरो दर नमुन्याला. अहवाल मर्यादेच्या बराच खाली आला त्या दिवशी मी पहिल्यांदा निश्चिंत झोपले. सिलियॅक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार, असलेल्या माणसाच्या पोटात ते पीठ जाणार होतं.

लेबलावर काय लिहायचं हा पुढचा मोठा टप्पा, सप्टेंबर ते नोव्हेंबर. 'भरपूर प्रथिनं' असं लिहायचं तर एकूण ऊर्जेच्या किमान २० टक्के प्रथिनांतून यावी लागते. १२ टक्के असेल तर 'प्रथिनांचा स्रोत' एवढंच. आमच्या पहिल्या कृतीत डाळ ६० टक्के होती. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १६.९ ग्रॅम, ऊर्जा ३४७ किलोकॅलरी. १६.९ गुणिले ४ म्हणजे ६७.६, भागिले ३४७, आले साडेएकोणीस टक्के. अर्ध्या टक्क्यानं हुकलं. डाळ ७० टक्के केली, प्रथिनं १८.६ वर गेली आणि टक्केवारी साडेएकवीसच्या आसपास आली. पण तांदूळ कमी झाल्यानं धिरडं मऊ पडायला लागलं. मग तांदूळ बारीक न दळता रव्यासारखा जाडसर ठेवला, तेव्हा कडा पुन्हा कुरकुरीत झाल्या. हे गणित कागदावर आधी करा, मग प्रयोगशाळेत जा. पोषणमूल्यांच्या तक्त्याचे आमच्याकडून दीडशेच्या वर युरो घेतले.

एक गोष्ट मात्र लिहिता आली नाही आणि ती मला अजून बोचते. आजारी माणसाला मुगाचं कढण देतात, कारण मूग पचायला हलका. पाकिटाच्या मागच्या बाजूला हे एक वाक्य मला हवं होतं. १९२४/२००६ या कायद्याप्रमाणे तो आरोग्यदावा होतो आणि मान्य दाव्यांच्या यादीत नसलेला दावा छापता येत नाही. प्रथिनांनी स्नायूंची वाढ होते असं लिहायला मुभा आहे, कारण ते यादीत आहे. आम्हाला ते नको होतं. शेवटी मागे फक्त कृती छापली. कायद्याचं म्हणणं मला कळतं, बाजारात काहीही दावे करणारे कमी नाहीत. तरी आजीचं शहाणपण पाकिटावर येऊ शकलं नाही याचं दुःख आहे.

छपाईच्या आधी बघायच्या बारीक गोष्टी: सक्तीच्या मजकुरातलं इंग्रजी लहान x हे अक्षर किमान १.२ मिलिमीटर उंच हवं. आमचं पाकीट ४०० ग्रॅमचं, म्हणून वजनाचा आकडा ४ मिलिमीटर. नावात किंवा चित्रात मूग ठसठशीत दाखवला तर घटकांत त्याची टक्केवारी द्यावी लागते. सोडियम चालत नाही, मीठ लिहायचं, म्हणजे सोडियम गुणिले अडीच. आणि 'कॉर्कमध्ये तयार केलेलं' असं मिरवायचं असेल, तर मुख्य घटक दुसरीकडचा आहे हे एप्रिल २०२० पासून सांगावंच लागतं. आम्ही दोन्ही लिहिलं. देश बदलला की लेबल बदलणार, म्हणून देशाची ओळ वेगळ्या स्टिकरवर घेतली. पाकिटं हजारांनी छापून बसलेल्यांना याचा उपयोग होईल. लेबलाचा मसुदा तपासणीच्या बाईंना आधी दाखवला. त्या मंजुरी देत नाहीत, पण काय खटकतं ते सांगतात.

टिकाऊपणाच्या चाचण्या जानेवारीत पुरेशा झाल्या आणि पहिली पाकिटं फेब्रुवारीत, गुरुवारच्या शेतकरी बाजारात, एका गार दुपारी विकली गेली. घेणाऱ्यांत आपली माणसं होती तशी ग्लुटेन न चालणारी आयरिश कुटुंबंही होती. हिशेब अजून फायद्यात नाही. चाचण्या, लेबलं, विमा आणि किचन धरून पहिल्या विक्रीपर्यंत सहा हजार युरोंच्या आसपास खर्च झाला.

ब्रिटनमध्ये विकायचं का, असं बरेच जण विचारतात. ब्रेक्झिटनंतर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये नवीन अन्नाची परवानगी आणि लेबलावरचा पत्ता दोन्ही वेगळे लागतात, त्यामुळे आयर्लंडमधलं काम तिथे जसंच्या तसं चालत नाही. आम्ही ते सध्या घेतलेलं नाही.

बाबांच्या चार शेतकऱ्यांच्या मुगाचा नमुना खरिपानंतर आला. दोन वक्कलं ०.०१ च्या खाली, एक वर, आणि एकाचा अहवाल यायचाय. खालची दोन वेगळ्या पोत्यांत लातूरला बांधून ठेवली आहेत. एवढ्या थोड्या मालाला जहाजाचं भाडं परवडत नाही, म्हणून आणखी दोन निर्यातदारांबरोबर कंटेनरमध्ये जागा वाटून घ्यायची बोलणी चालू आहेत. कुणी मराठवाड्यातून डाळी पाठवणार असेल तर कळवा.